लग्न ठरेपर्यंतचा अभ्यासक्रम

आई,

आमच्या कॉलेजात या वर्षीपासून शिवणकामाचा कोर्स सुरू झालाय, आणि तो मंजूर होण्यात तुझा मोठा वाटा आहे. तुला आवडेल असा वाटा नाही, पण आहे. तू जाऊन आता इतकी वर्षं झाली की रागावलीस तरी तो राग माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागेल, एवढ्या भरवशावर सगळं सांगते.

मी जिथं गृहविज्ञान शिकवते त्या कॉलेजला एक कम्युनिटी कॉलेज जोडलंय. ज्यांची शाळा मधेच सुटली, ज्यांना डिग्री नको पण हाताला काम पाहिजे, अशांसाठी छोटे छोटे कोर्स. पण कोर्स काढायचा म्हणजे तुझ्यासारखं दाराला पाटी लावून चालत नाही. आधी अभ्यासक्रम लिहायचा, तो समितीपुढं ठेवायचा, समितीनं तो नियमांत बसतो का ते बघायचं, आणि मग मंजुरी. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, तुमच्या आईंचा क्लास होता ना मंगळवार पेठेत? मग हा कोर्स तुम्हीच लिहा. तुमच्या रक्तातच आहे." रक्तात नेमकं काय आहे ते मला माहीत होतं, पण प्राचार्यांना कसं सांगणार. मी हो म्हणून आले.

पहिला रकाना कोर्सच्या नावाचा, तो भरला. दुसरा होता कालावधीचा, आणि तिथंच माझं पेन थांबलं. कारण तुझ्या क्लासचा कालावधी होता लग्न ठरेपर्यंत. शाळा सुटलेली मुलगी आईचं बोट धरून यायची आणि एके दिवशी तीच आई पेढ्यांचा पुडा घेऊन यायची, की झाला कोर्स पूर्ण. ठरलेलं मोडलं तर मुलगी परत यायची आणि तू काही न विचारता तिला तिच्या जुन्या जागेवर बसवायचीस. परीक्षा नव्हती, पायऱ्या मात्र होत्या. ज्यांचं लवकर जमलं त्या काजं-बटणांवरच राहिल्या. ज्यांचं जरा रखडलं त्या हातशिलाई, फॉल, पिकोपर्यंत आल्या. ज्यांच्या पत्रिका कुठंच जुळेनात त्या बाही लावायला शिकल्या. कात्रीपर्यंत मात्र कुणीच पोचली नाही.

कापणी तू स्वयंपाकघरात करायचीस, दार लावून. बाहेरच्या खोलीत पायमशीनांचा खडखडाट, आणि आत तू फरशीवर कापड पसरून बसलेली. कुणी दार वाजवलं तर आतून म्हणायचीस, "आमटी उतू जातीया, थांबा." मला आत यायला परवानगी होती, ती दुधावर लक्ष ठेवायला. मी स्टोव्हपाशी पाटावर बसलेय, तू खडूची रेघ ओढतेस, कात्री कापडात शिरते तेव्हा तिचा एक दमदार आवाज होतो, आणि माझी मान आपोआप वळते. तू वर न बघताच म्हणतेस, "दुधाकडं बघ. हिकडं न्हाय." एकदा मी बघत राहिले. तू ब्लाउजचा गळा कापत होतीस, गोल, न थांबता, आणि माझ्या मागं दूध सगळं स्टोव्हवर. त्या दिवशी तू मला लाकडी पट्टीनं मारलंस, पण दुधासाठी नाही. "काय बघितलंस सांग," असं विचारत मारलंस.

कारणही होतं. बाबांचा पगार कधी हातात यायचा, कधी नाही. घर तुझ्या मशीनवर चालत होतं. आणि त्याआधी एका मुलीनं बोळातल्या खिडकीतून बघून बघून कापणी उचलली होती. तिनं सरळ समोरच दुकान टाकलं आणि तुझ्यापेक्षा मोठ्या अक्षरांत बोर्ड लावला, ब्लाउज स्पेशालिस्ट. तू खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलंस. बाबा म्हणाले, जाऊ दे, शिकली तर शिकली. तू म्हणालीस, "समद्या कापाय शिकल्या तर माझ्याकडं शिवायला कोण यील?" मलाही तू कात्री दिली नाहीस, पण माझ्यासाठी कारण वेगळं होतं. मी शिकावं, फळ्यावरचा खडू धरावा, मशीनवर बसू नये. मी कॉलेजात पुस्तकातून कापणी शिकले आणि घरी येऊन तुला 'आर्महोल' समजावून सांगायला लागले, तेव्हा तू दोऱ्याचं टोक दातानं तोडत म्हणालीस, "आम्ही मुंढा म्हणतो."

तुझी ती डावरी आठवते का? ती सगळ्यांत जास्त काळ टिकली, कारण तिचं लग्न सगळ्यांत जास्त रखडलं. तिची हातशिलाई अशी की उलटी बाजू कुठली ते कळू नये. तुझ्या निम्म्या ऑर्डरी तीच पुऱ्या करायची. एक दिवस ती धीर करून म्हणाली, "बाई, मला एकदा कापू द्या की." तू जराही न अडखळता सांगितलंस, "तुझा हात डावा, कात्री उजव्या हाताची. कापड वाकडं जातंय. देवानंच ठरवलंय, मी काय करू?" तिनं मान डोलावली आणि हुक लावायला बसली. देवाचं नाव आलं की ती वाद घालत नसे.

तर मी कालावधीच्या रकान्यात सहा महिने लिहिलं, आणि पहिलं युनिट घातलं कापणीचं. साहित्याच्या यादीत कात्र्या, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत डाव्या हाताची कात्री.

समितीत तिघं होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राचार्य, विषय इतिहास, कानाला यंत्र. दुसऱ्या, विद्यापीठाकडून आलेल्या मॅडम, ज्यांना नियम पाठ होते. आणि उद्योगाचा एक माणूस लागतोच, म्हणून कागलकडं कपड्यांचा कारखाना असलेले एक गृहस्थ. टेबलावर चिवडा आणि केळी. मॅडमनी पहिल्याच पानावर मला धरलं. "'शिलाईची माहिती होईल' असं लिहिता येत नाही. माहिती झाली हे मोजणार कसं? 'शिलाई करू शकेल' असं लिहा." मी सगळीकडं 'करू शकेल' केलं. मग आलं, 'विद्यार्थिनी कापडाला पुरेशी माया ठेवेल.'

"पुरेशी म्हणजे किती?" मॅडम म्हणाल्या.

"ते कापडावर आणि मापावर असतं. पुढं कपडा उसवून सैल करता यावा एवढं कापड शिवणीच्या आत सोडायचं."

"तसं मोघम नको. आकडा द्या. मोजता आलं पाहिजे."

अध्यक्षांना यंत्रातून 'माया' एवढाच शब्द ऐकू गेला असावा. ते केळं सोलत म्हणाले, "माया कशाला मोजताय, मॅडम. राहू दे की." शेवटी मी एक इंच लिहिलं. तू दोन इंच ठेवायचीस, बाळंतपणाच्या हिशेबानं, पण ते कागदावर कुठं बसवणार.

डाव्या कात्रीवरही अडलं. मॅडमनी मानकांची यादी काढली. "मानकात कात्री आहे. डावी-उजवी असा भेद नाही."

"म्हणूनच वेगळं लिहिलंय," मी म्हणाले. त्यांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढं गेल्या.

खरा घोळ कारखानदारांनी घातला. माणूस वाईट नाही, अगदी मोकळ्या मनाचा. "मॅडम, कापणीचं एवढं मोठं युनिट कशाला? आमच्याकडं मशीन कापतंय, थप्पीच्या थप्पी. पोरींस्नी सरळ शिलाई शिकवा. कॉलर लावणारी दिवसभर कॉलरच लावती. काढून टाका ते." मॅडमना लगेच नियम सापडला की उद्योगाच्या मागणीप्रमाणे युनिट वगळता येतं. त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. मी आदल्या आठवड्यात पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं, स्वयंरोजगार, समग्र कौशल्य, महिलांचं स्वावलंबन. माझं मलाच ते रेडिओवरच्या भाषणासारखं वाटलं. कापणी गेली की तिथं उरणार होत्या सहा महिने टाके घालून कारखान्याच्या बसची वाट बघणाऱ्या मुली. आणि मग कारखानदार हसून म्हणाले, "खरं सांगू का, मॅडम? समद्या कापाय शिकल्या तर आमच्याकडं कामाला कोण येणार ओ?"

आई, मला हसूच आलं. कागलच्या कारखानदाराच्या तोंडून तू बोलत होतीस. मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, "सर, कापणी वगळलेला हा कोर्स आमच्या घरात चालून झालाय. माझ्या आईनं चालवला, मंगळवार पेठेत, बरीच वर्षं."

"निकाल काय लागला?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकीलाही स्वतःचा ब्लाउज शिवता आला नाही. एकीला आला, पण ती खिडकीतून शिकली होती."

अध्यक्षांनी केळं खाली ठेवलं. कानातलं यंत्र नीट बसवलं. "मंगळवार पेठेत कुठं? पिठाच्या गिरणीला लागून?"

"हो."

"आमच्या सौभाग्यवती तिथंच जात होत्या," ते सावकाश म्हणाले. "लग्न ठरवताना आम्हाला सांगितलं होतं, मुलीला शिवण येतं. मामानं मशीन दिलं. त्या मशीनवर आजपर्यंत उशीच्या अभ्र्याशिवाय काही शिवलं गेलेलं नाही. मी आळस समजत होतो. एकदोनदा बोललोही." त्यांनी समोरचा अभ्यासक्रम जवळ ओढला. "म्हणजे तिची चूक नाही."

"नाही सर," मी म्हणाले. "अभ्यासक्रमाची चूक आहे."

मॅडमनी लाल पेनाचं टोपण लावलं. इतिवृत्तात लिहिलं गेलं की सखोल चर्चेअंती पहिलं युनिट जसंच्या तसं ठेवण्यात आलं. कारखानदारांचं मन राखायला कॉलरचं एक ऐच्छिक युनिट जोडलं. ते जाताना जिन्यात मला म्हणाले, "चांगल्या पोरी निघाल्या तर कापणाऱ्या बी पाठवा. आमचं मशीन बिघडतंय अधनंमधनं." अध्यक्ष मात्र दारातच थांबले होते. म्हणाले, "हे आमच्या घरी कळू देऊ नका. मी माझ्या पद्धतीनं माफी मागतो." ती पद्धत कोणती ते कळलं नाही. बहुधा त्या दिवशी अंबाबाईला जाऊन आले असतील आणि घरी येऊन गप्प बसले असतील.

वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी अठरा-वीस वर्षांच्या पोरींच्या रांगेत पुढच्या बाकावर एक नातवंडंवाली बाई येऊन बसली, पदर खोचून, पिशवीत स्वतःचं कापड घेऊन. "वयाची अट न्हाय असं पेपरात आलंय," ती म्हणाली. "म्हणून आलो बघा." मी हजेरी घेताना ओळखलं. तुझी डावरी. लग्न झालं, पोरं झाली, सुना आल्या. फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे तिचं पेठेतच. ब्लाउजचं कापड आलं की ती ते दुसऱ्याकडं कापायला पाठवते. मी तिच्यापुढं डाव्या हाताची कात्री ठेवली. तिनं ती उचलली, उलटीसुलटी करून बघितली. "अशी बी असती व्हय?" एवढंच म्हणाली. यावर तुझं काय म्हणणं असतं ते मला ऐकायला आवडलं असतं.

पहिला गळा तिनं कापला, तो वाकडा आला. ती स्वतःच हसली. "वाकडाच की. बाईंचं खरं होतं." मी म्हणाले, जरा मागं वळून बघा. सगळ्या उजव्या हातांनी कापलेले सगळे गळे वाकडे होते, एक तर थेट खांद्यापर्यंत गेलेला. मग ती पुन्हा बसली. दुसरा जरा बरा आला. चौथ्यांदा तिची कात्री गोल फिरली, न थांबता, आणि तोच तो दमदार आवाज आला. वर्ग सुटला तरी ती कापड हातात घेऊन बसून राहिली, आणि मुली गेल्यावर मला म्हणाली, "बाईंनी मला का दिली न्हाय ओ कात्री? डाव्या हातामुळं न्हवं, त्ये आता कळलं. खरं काय असल ते सांगा."

मी बाकावर तिच्या शेजारी बसले. म्हणाले, "आई घरात म्हणायची, ह्या पोरीच्या हातात कात्री दिली तर पेठेत मला कुत्रं विचारणार न्हाय."

ती कितीतरी वेळ कापडाची घडी नीट करत राहिली. "बाई असं म्हणायच्या? माझ्याबद्दल?" मग उठली, पिशवी घेतली, आणि दारात थांबून म्हणाली, "मग बरोबर हाय. मी असतो तरी दिली नसती." आता ती हे सगळ्या पेठेला सांगत सुटलीय. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला फॉल लावून देताना आधी हे ऐकावं लागतं, की एवढ्या मोठ्या शिवणबाई तिला भ्यायच्या.

हे मी कुठं पाठवणार नाही, तेव्हा लिहून टाकते. तू तिच्याबद्दल तसं कधी म्हणालेली मला आठवत नाही. तू सगळ्यांबद्दलच म्हणायचीस. तिचं वेगळं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. ते मी माझ्या पदरचं घातलं, आणि बोलून झाल्यावर मला वाटलं की खरंच असणार. तिकडं कधी तिची आणि तुझी गाठ पडली, तर हो म्हण.