भरलेली बाटली

३ मार्च १९७४, रविवार
यादी लागली! हिमालयातल्या शिबिराला आमच्या कॉलेजातून एकच मुलगी जाणार. बना पहिली, मी दुसरी. म्हणजे मी नाहीच. पुढच्या रविवारी आमच्या खेळाच्या मॅडम येडशीच्या डोंगरावर शेवटची चाचणी घेणार, मग नाव पक्कं.
बना बेंबळीची, माझ्याच खोलीत राहते. दुष्काळात आईबरोबर खडी फोडलीय तिनं. तिच्यापुढं मी कुठली टिकते! आमचं मुरूमला किराणा दुकान. गल्ल्यापासून पोत्यापर्यंत, एवढंच चालून मी मोठी झाले. जळते मी तिच्यावर. इथं लिहायला काय लाज.

६ मार्च
बना विचारत होती, "डोंगर चढताना काय पाळायचं असतंय ग?" मी लगेच शहाणी झाले! माझा थोरला भाऊ वीरभद्रअण्णा तालमीत जातो, त्याचे वस्ताद सांगतात तेच सांगितलं — घामाच्या अंगानं पाणी प्यायचं नाही, कुशीत कळ येते. वर पोचल्यावरच प्यायचं.
"व्हय का? मग सोपंय," ती म्हणाली. "खडीवर आमी पाणी सांजंपतूर राखायचो."
मला खरंच वाटतं हे. मुद्दाम नाही सांगितलं.

९ मार्च
उद्या. कॅनव्हासचे बूट अजून घातले नाहीत, कोरे राहावेत म्हणून. टेकडी तर आहे, तिला काय घाबरायचं!

११ मार्च
सगळं लिहायचं. नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन.
निघायलाच दहा वाजले. ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका. अर्ध्या तासात बुटांनी टाचा सोलल्या. बना पुढं, मी मागं. एका वळणावर ती दिसेनाशी झाली आणि माझा धीर सुटला. खडकाआड बसून अर्धी बाटली प्याले. कळ आली नाही. उलट डोळ्यांसमोरची अंधारी गेली. तेव्हाच कळलं — वस्तादांचं खोटं आहे!
वर जाऊन बनाला सांगायचं होतं. सांगितलं नाही. ती कितीतरी पुढं होती, आणि जागा एकच होती.
माथ्याखाली ती माझ्यासाठी थांबली होती; मी तिला गाठलं तेव्हा माझी बाटली रिकामी झाली होती. बनानं आपली पुढं केली. गळ्यापर्यंत भरलेली! "घे. तुला न्हाय का कळ येत?"
"मला सवय आहे," मी म्हणाले.
तिचं पाणी प्याले. तिच्या जातीचं पाणी प्याले हे घरी आईला, आमच्या अव्वाला, कळलं तर डोक्यावरून अंघोळ घालील, हेही मनात येऊन गेलं. तसलं मन माझं!
माथ्यावर पोचूनही बना प्याली नाही, "आधी घाम वाळू दे," म्हणाली. उतरताना ती वेडंवाकडं बोलायला लागली. आईला हाका मारायला लागली. मग बसली ती उठेचना. अंगाला हात लावला तर नुसती आग, आणि घामाचा टिपूस नाही. मॅडम ओरडत होत्या, "पाणी कुणाकडं आहे?" तिच्याच बाटलीत होतं. मी पिऊन उरलेलं.

१२ मार्च
बना सरकारी दवाखान्यात आहे. दोन सलाईन झाली, लघवी उतरत नाही. डॉक्टर आमच्या मॅडमवर चिडले, "चढताना घोट घोट प्यायचं असतं! उन्हात पाणी राखून ठेवायचं, हे खूळ कुणी घातलं हिच्या डोक्यात?" तिची आई पुतळाबाई दाराशी बसलीय. मला म्हणाली, "बाई, तू खाल्लंस का काही?"
मी पळून आले.

१३ मार्च
लघवी झाली. जगली! मोरीत जाऊन रडले.

१४ मार्च
मॅडमनी बनाला विचारलं. मी तिथंच उभी. ती म्हणाली, "कुणी न्हाय सांगितलं, मॅडम. दुष्काळापासनं सवयच हाय." मॅडम म्हणाल्या, स्वतःला सांभाळता येत नाही तिला बर्फात कशी पाठवू? नाव खोडलं. तिथं माझं लिहिलं.
मॅडम गेल्यावर मी बनाला विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस? "तुला तरी काय ठावं होतं ग? चांगल्यासाठीच सांगितलंस. जा तू. बर्फ कसा असतो ते येऊन सांग मला."

१५ मार्च
मॅडम, तोंडानं सांगायला तीनदा आले, दारातून परत गेले. म्हणून ही वही ठेवून जाते. अकरा तारखेचं पान आधी वाचा.
— शिवकांता