मध्ये पडणाऱ्यांचं घर

मी, खाली सही करणारी, कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या मटणाच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, धंदा खाटकाचा, नवरा वारलेला, मूलबाळ नाही, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत करून ठेवते. माझ्या कंबरेचं हाड मोडलेलं आहे, डोकं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे आणि तो दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी कुठे काही लिहून दिल्याचा कागद माझा धाकटा भाऊ पुढे करील, तर तो खोटा समजावा. खरा निघालाच तर तो मी आज रद्द केला आहे.

हे मी तोंडाने सांगते आहे आणि काचवाली लिहून घेते आहे. ती वकील आहे. तिचे वडील खिडक्यांना काचा बसवायचे, म्हणून या घरात ती काचवालीच. "मावशी, मृत्युपत्रात शिव्या चालत नाहीत हं," असं तिने मला आधीच बजावलं आहे. तेव्हा जिथे वाक्य अर्धवट वाटेल तिथे वाचणाऱ्याने आपापल्या मनाने भर घालावी.

कलम पहिले : घर.

तळमजल्यावरचं दुकान, वरचे दोन मजले, गच्ची आणि मागचा लोखंडी जिना ही सगळी मिळकत माझ्या कष्टाची आहे. नवऱ्याचा त्यात हातभार नाही. तो बिचारा कोंबडी कापतानाही डोळे मिटून घ्यायचा. माझ्या मागे ही मिळकत या कॉलेजात शिकायला येणाऱ्या आमच्या पलीकडच्या मुलामुलींच्या राहण्यासाठी आणि शिकण्यासाठी ठेवावी. ती विकू नये, गहाण टाकू नये, पाडू नये.

पलीकडचे म्हणजे खिंडीपलीकडून आलेल्यांची पोरंबाळं. आमची तिसरी पिढी या शहरात राबते, तरी आम्ही पलीकडचेच. कॉलेजच्या एकेका वर्गात आमचं एखाददुसरं पोर असायचं. बाकावर एकट्याने बसायचं, प्रयोगशाळेत तुटकं सामान घ्यायचं, आणि सुट्टी झाली की सायकल स्टँडमागे मार खायचा, हा आमच्या पोरांचा अभ्यासक्रम. पहिलं वर्ष संपायच्या आत बरेच जण गाशा गुंडाळून घरी जायचे. माझ्या माडीवर राहिले ते गेले नाहीत. असं का झालं ते इथे सांगते, म्हणजे घर कशासाठी देते आहे यावर उद्या कोर्टात कोणी काथ्याकूट करायला नको.

रविवारी दुपारी दुकान बंद झालं की पोरं फरशी धुऊन खालीच बसायची, मटण तोडायच्या ओंडक्याभोवती. डोक्यावर मटण टांगायचे रिकामे आकडे. कुणाचा कुठला विषय कच्चा आहे, त्याला कोण शिकवणार, प्राचार्यांकडे तक्रार घेऊन कोण जाणार, ते सगळं तिथे ठरायचं. एकदा एक जण फाटलेला ओठ घेऊन आला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. बाकीचे त्याच्या वतीने बोलायला लागले, त्याला असं वाटतं, त्याचं तसं म्हणणं आहे. शेवटी तोच ओरडला, "अरे, मार मी खाल्लाय ना? मग मला बोलू द्या की!"

त्या दिवशी पोरांनी नियम केला. ज्याला शेवटचा मार बसला असेल त्याने ओंडक्यापाशी उंच स्टुलावर बसायचं आणि सभा चालवायची. तो बोलत असताना त्याला कोणी तोडायचं नाही. सुजलेल्या तोंडाने सभा चालवली की माणसाची भीड चेपते. आमची पोरं तोंडी परीक्षेत परीक्षकांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू लागली, वादविवादात पहिली येऊ लागली. मलाही तो नियम बरा वाटला होता. पुढे जे झालं त्यानंतर वाटेनासा झाला.

कलम दुसरे : पुस्तकं आणि लंबू.

माडीवरची सगळी पुस्तकं, अभ्यासाची टेबलं आणि भिंतीवरचा फळा लंबूच्या ताब्यात राहावा. लंबू आज याच कॉलेजात गणित शिकवतो, एका डोळ्याने. दुसरा कसा गेला ते लिहायला त्याची हरकत नाही, मी विचारलं आहे.

ते कॉलेजच्या निवडणुकीचं वर्ष होतं. आमचं कोणी विद्यार्थी मंडळात कधी गेलं नव्हतं. पोरांनी ठरवलं की शेवटच्या रविवारी जो स्टुलावर असेल त्यानेच अध्यक्षपदाला उभं राहायचं. लंबूच्या डोक्यात उभं राहण्याचं खूळ केव्हापासून होतं. पण नेमका त्या महिन्यात त्याला कोणी हात लावेना. मार मिळत नाही म्हणून झुरणारं पोर मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी हा पठ्ठ्या स्वतः उठून कॉलेजच्या व्यायामशाळेत गेला. तिथे कप्तान, म्हणजे फुटबॉलच्या संघाचा कप्तान आणि समोरचा उमेदवार, आपल्या टोळक्यासोबत वजनं उचलत होता. लंबूने त्याच्या आईवरून तोंड सोडलं. त्यांनी वजनांचा लोखंडी बार उचलला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा बरगडीवर, तिसरा डोळ्यावर.

तसाच आला. अर्धा चेहरा रक्ताने भरलेला, डोळ्याच्या जागी काय होतं ते मी लिहवून घेत नाही. इस्पितळात न जाता स्टुलावर चढून बसला आणि म्हणाला, "सभा सुरू करा." आणि माझ्या घरातल्या शहाण्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी जन्मभर रक्तात हात घातलेली बाई, पण त्या टाळ्या मला ऐकवेनात. मी त्याची कॉलर धरून त्याला खाली खेचलं. "गाढवा, मार खाणं ही काय पदवी आहे? उद्या दुसरा जाऊन मुंडकं देईल, मग त्याला काय करणार, कुलगुरू?"

तेव्हा शटरपाशी उभी असलेली काचवाली बोलली. तिचा डावा हात लोंबत होता, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, आणि आमचं कोणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं. "मार काय, कुणालाही बसतो. त्यात कर्तबगारी कसली? चौथ्यांदा बार उगारला तेव्हा याच्यावर पालथं कोण पडलं, ते विचारा ना."

"कोण?" लंबूनेच विचारलं. त्याला दिसलंच नव्हतं.

"मी."

त्या दिवसापासून स्टुलावर मार खाणारा बसत नाही, मध्ये पडणारा बसतो. म्हणून अध्यक्षपदाला लंबूऐवजी काचवाली उभी राहिली. काचवाली, तू इथे हात का थांबवलास? लिही.

कलम तिसरे : हत्यारं.

सुऱ्या, हाडांची करवत, धारेचे दगड, वजनकाटा आणि दुकान चालवण्याचा हक्क माझ्या दुकानातल्या कामगाराला द्यावा. त्याने दुकानाचं भाडं घराच्या दुरुस्तीला द्यावं. मोठा सत्तूर पोलिसांनी पुरावा म्हणून नेला तो अजून परत दिलेला नाही. तो मागून घ्यावा.

मतदानाच्या दिवशी सकाळी कप्तान टोळक्यासह दुकानात आला. काचवाली वरच्या मजल्यावर होती, गळ्यात हात बांधलेला. ती मतदानाच्या जागी पोचलीच नाही तर बरं, असा त्यांचा विचार. मी ओंडक्यावर मांडी तोडत होते. त्याने ओंडक्यावर पंजा टेकला आणि म्हणाला, "मावशी, तिला खाली पाठव. नाहीतर आम्ही वर जाऊन केसाला धरून आणतो."

"हात काढ. मला काम आहे."

"नाही काढत. काय करशील?"

मी केलं. दोन बोटं ओंडक्यावर राहिली आणि बाकीचा कप्तान फरशीवर बसला. त्याचे मित्र असे पळाले की एकाची चप्पल नालीत गेली ती अजून तिथेच असेल. मीच त्याचा हात धुतलेल्या फडक्यात आवळून बांधला, बोटं बर्फात घातली आणि त्याला टॅक्सीत बसवलं. बोटं काही जुळली नाहीत. मला शिक्षा झाली, ती मी भोगली. मला त्याची खंत नव्हती आणि आजही नाही. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी पश्चात्ताप आहे का विचारलं, तेव्हा मी म्हटलं, धार जरा कमी होती.

काचवाली निवडून आली. तिने सायकल स्टँडमागे दिवे लावून घेतले, मारहाणीच्या तक्रारी ऐकायला समिती बसवली आणि त्यात आमची पोरं घ्यायला लावली, उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी नुसते क्रमांक आणले. त्या वर्षी आमची एवढी पोरं वरच्या वर्गात गेली की माडीवर जागा पुरेना. सत्तूर परत मिळाला की त्याला धार लावून मटणच कापावं. भिंतीवर टांगून त्याचं कौतुक करू नये.

कलम चौथे : भाऊ.

माझा धाकटा भाऊ आमच्यातला पहिला पदवीधर. त्याची फी मी मटण तोडून भरली. त्यालाही त्या सायकल स्टँडमागे तुडवला होता, आणि पाठीवरचे वळ मी गरम पाण्याने शेकले होते. त्यावरून तो एकच गोष्ट शिकला, मारणाऱ्यांच्या बाजूला उभं राहिलं की मार लागत नाही. माझ्या खटल्यात त्याने साक्ष दिली, "माझी बहीण पहिल्यापासूनच हिंसक आहे." खोटं नव्हतं ते. पण सख्ख्या भावाने सांगायचं? आता तो कॉलेजच्या व्यवस्थापन मंडळावर बसतो आणि नाकाने कांदे सोलतो. मंडळाला माझ्या घराच्या जागी मागचं फाटक हवं आहे. मला मूल नाही, म्हणून माझ्यामागे घर आपलंच, असा त्याचा हिशेब.

गेल्या महिन्यात तो कागद घेऊन आला. सोबत फाटक बांधणाऱ्या कंत्राटदाराचे दोन धटिंगण. मी मागच्या जिन्यावर होते.

"ताई, सही करून टाक. या वयात जिने कशाला चढतेस?"

मी कागद फाडून त्याच्या तोंडावर फेकला. एका धटिंगणाने मला ढकललं. लोखंडाच्या पायऱ्यांवर हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, आणि मला हाडांचे आवाज ओळखू येतात. भाऊ खाली उभा राहून बुटावरची धूळ झटकत होता. दुसरा माझ्या छातीवर लाथ घालणार एवढ्यात वरून एक पोरगी धावत आली आणि माझ्यावर आडवी झाली. लाथा तिने घेतल्या. बरगड्या मोडल्या तिच्या. तरी तिने त्या माणसाचा कान दातात धरला आणि सोडला नाही. सोडला तेव्हा तो डोक्याला जोडलेला नव्हता.

ही पोरगी म्हणजे मुकी. पहिल्या वर्षाची. मुकी नाही, पण या घरात आल्यापासून एकाही सभेत बोलली नव्हती, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव.

भावाला माझ्या मिळकतीतला कणभरही हिस्सा देऊ नये. शेकायची रबरी पिशवी तेवढी द्यावी.

कलम पाचवे : घर कोणाच्या हाती.

काचवाली आणि लंबू हे विश्वस्त. घराची प्रमुख मुकी. ती कॉलेजात शिकते आहे तोवर तीच, नंतर नियमाप्रमाणे जो मध्ये पडेल तो.

यावर आमचं आत्ताच वाजलं. "मावशी, ती एकोणीस वर्षांची आहे," काचवाली म्हणाली. "सभेत अजून तोंड उघडलेलं नाही तिने."

"उघडलं होतं की. कान कुणी तोडला?"

इस्पितळात असल्यामुळे मुकीचा गणिताचा पेपर बुडाला. लंबूने तिला रोज शिकवावं आणि काचवालीने कॉलेजशी भांडून तिची परीक्षा पुन्हा घ्यायला लावावी. ती नापास झाली तर मी दोघांच्या मानगुटीवर बसेन. या घरातलं पोर पुढारी झालं आणि विषय राहिले, असं चालणार नाही.

कलम सहावे, जे माझ्या मनाविरुद्ध आहे.

सही मिळाली नाही म्हणून कंत्राटदार आता भावावरच उलटला आहे. काल त्याच्या गाडीच्या काचा फोडल्या. ही बातमी ऐकून मी कंबर मोडलेली असतानाही खदखदून हसले. मुकी उशाशी बसली होती. बरगड्यांवर हात दाबून तिने विचारलं, "ते लोक त्यांना मारायला लागले आणि ते पळत इथे आले, तर?"

"शटर पाड. मारू दे."

"तसं नियमात नाही, मावशी."

"अगं, तुझ्या बरगड्या त्याच्याचमुळे मोडल्यात!"

"माहितीये. पण नियमात कोणासाठी मध्ये पडायचं, हे कुठे लिहिलंय?"

मी तिला जे बोलले ते काचवालीने लिहिलं नाही. मुकी ऐकून घेत बसली. उठली नाही आणि बोललेलं मागेही घेतलं नाही. मग मीच काचवालीला म्हटलं, कागद घे.

माझा भाऊ मार चुकवत या दारात आला, तर शटर वर करावं, त्याला आत घ्यावं, आणि ज्याला जमेल त्याने मध्ये पडावं. मी असते तर त्याला दारातच मरू दिलं असतं. आजही माझं मत तेच आहे. पण घर आता मुकीचं आहे, आणि घराच्या प्रमुखाला या घरात कोणी तोडत नाही.

हे मृत्युपत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं, मी ते कान देऊन ऐकलं, दोन ठिकाणी दुरुस्त केलं आणि मगच सही केली.

ठिकाण : दुकानावरची पहिली खोली, खिडकीजवळची खाट.
दिनांक : निवडणुकीच्या आठवड्यातला रविवार, दुपार, सभेच्या आधी.

सही : मटणाच्या दुकानाची मालकीण (आडवं पडून केल्यामुळे वाकडी, पण माझीच)

साक्षीदार पहिले : हाडांचे डॉक्टर. सही करणारीची बुद्धी शाबूत असल्याची मी खात्री केली. तपासताना तिने मला चिमटा काढला.

साक्षीदार दुसरा : समोरच्या दुकानातला शिंपी. मला यातून काही मिळत नाही. आमच्यादेखत सही झाली.