धूमकेतूची बग्गी लिहिणारे मास्तर

१२ फेब्रुवारी १९३४
मला बघायला येणार कोण — तर यज्ञेश्वर हुद्देदार! 'धूमकेतूची बग्गी' लिहिणारे! अक्कलकोटला मास्तर आहेत म्हणे. आप्पा जेवताना सहज बोलले आणि मी वाढत होते ते ताक पानाबाहेर! आई म्हणाली, "लक्ष कुठंय गं, प्रेमला?"

१४ फेब्रुवारी
वाचनालयातून तिन्ही कादंबऱ्या पुन्हा आणल्या. 'बग्गी' — काय सांगू! शेपटाच्या उजेडात ते गाव दिसतं, तिथं अजून अंगावर काटा येतो. 'समुद्राखालचं संस्थान' निम्मं झकास, निम्मं पाल्हाळ. 'तांब्याचा माणूस' मात्र भिकार! यंत्र दळतं, पाणी ओढतं — आणि नायिका? मूर्च्छा येऊन पडते, शुद्धीवर आली की पोळ्या लाटते!

१७ फेब्रुवारी
आईची ताकीद : "काही विचारलं तर नुसतं 'छान आहे' म्हण." म्हणीन. मला हेच स्थळ हवंय. देवा, उद्या माझ्या जिभेला आवर घाल!

१८ फेब्रुवारी, रविवार
आईनं चष्मा काढून घेतला — चष्मेवाली कोण पसंत करतं! समोर नुसता पांढरा कोट आणि काळी टोपी, बाकी सगळं धूसर. "माझं काही वाचलंय का?" आवाज मऊ होता. आणि मी सुटले! "तुमच्या बायका पुठ्ठ्याच्या आहेत. एकीच्या तरी हाती सुकाणू द्या की!" कुणी मध्ये बोललं नाही, मला वाटलं आवडतंय. तोंडं दिसली असती तर गप्प बसले असते!

ते गेल्यावर आई डोक्याला हात लावून बसली. भांडी घासताना सोजरबाई म्हणाली, "लई बोललात की ताई! पर पाव्हण्यांच्या हातात पोह्याची बशी तशीच व्हती. नुसतं ऐकत व्हते."

२७ फेब्रुवारी
नकार. त्यांच्या काकांचं पत्र : मुलगी फार बोलते. रडले. खूप रडले. मेली ही जीभ!

९ नोव्हेंबर
त्यांची नवी कादंबरी आली! दम कुठला निघतोय — भवानी पेठेत रस्त्यातच उघडली. चंद्राची राणी स्वतः विमान हाकते. आणि बोलते ती वाक्यं माझी! शब्दन् शब्द माझे! नायक काकांना भिऊन तिला नाही म्हणतो, पृथ्वीवर परत येतो आणि जन्मभर पस्तावतो.

१० नोव्हेंबर
चंद्रापर्यंत जातो हा माणूस, आणि अक्कलकोटाहून सोलापूरला यायचं धाडस नाही! कार्ड लिहिलं : "कादंबरी वाचली. शेवट पटला नाही. गाडी रोज आहे." आप्पांनी वाचलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.