पिवळ्या मातीची वळी

प्रिय ताई,

तू कशी आहेस, हे विचारायचा धीर होत नाही, म्हणून सरळ मातीचंच लिहितो. इथं वर हातभर काळी माती आणि तिच्याखाली पिवळी चिकण. कोरडी असताना तिच्यात खंदक खणला की भिंत ओळंब्यात उभी राहते. पाणी मुरलं की तीच साबणासारखी सुटते. समोरची खडकाळ टेकडी शत्रूकडे आहे. तो कोरड्यात बसलाय आणि टेकडीवरून ओघळणारं सगळं पाणी आमच्या खंदकात येतंय. आठवडाभर पाऊस आहे. माणसं मांडीभर चिखलात उभी आहेत.

खंदक कुठं खणायचे, ते माझ्या माती-नकाशावरून ठरलं. तुझ्या परसात तुझ्या लेकाला मी माती ओळखायला शिकवलं होतं, आठवतं? चिमूटभर माती घ्यायची, थुंकी लावून तळहातावर वळी करायची. तुटली नाही तर चिकण. 'शी, मामा-भाचे सारखेच घाणेरडे,' म्हणत तू आम्हांला घरात घेतलं नव्हतंस. सैनिक होऊन तो नेमका माझ्याच नकाशातल्या खंदकात आला. म्हणाला, मामा, या भिंती तू पास केल्यास म्हणे, मग गळतीची तक्रार तुझ्याकडेच ना? मी हसलो.

त्या पट्ट्यात मी वळी केलीच नव्हती, ताई. भर उन्हाळा, बाटली रिकामी, तोंडाला कोरड. कुदळ खणकन वाजली, तेवढ्यावर 'घट्ट' लिहिलं. थकलो होतो, घाबरलो होतो, की वीस वर्षांच्या अनुभवाचा माज होता? रोजवहीत तिन्ही कारणं लिहिली आणि तिन्ही खोडली.

सोमवारी तो तळहातावर वळी घेऊन आला. मामा, ही तुटत नाही बघ. मी म्हणालो, उद्या वर कळवतो.

मंगळवारी पहाटे भिंत बसली. गोळा पडला नव्हता. आम्ही हातांनी उपसत होतो. जितकी माती काढू, तितकी आत येत होती. तो सापडला तेव्हा उजाडलं होतं.

साहेबांनी कागद पुढं केलाय: भिंत शत्रूच्या गोळ्यानं पडली. सही केली, तर तुझा लेक लढताना गेला असं ठरेल, तुला मानाचं पत्र येईल. नकाशा मात्र तसाच राहील, आणि त्याच मातीत अजून दोनशेजण उभे आहेत. दुपारपर्यंत सही हवी आहे. मी करणार नाही. लेक गेलाच, आता त्याच्या मरणाचा मानही मी तुझ्याकडून काढून घेतोय. हे तुला दुसऱ्या कुणाकडून नको, माझ्या अक्षरात कळावं, म्हणून लिहिलं.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझाच धाकटा