शिवेवरचं पाणी

तिंबुलसारी, ४ मार्च

चि. वेनिंग हिस आजीचे ओलेचिंब आशीर्वाद.

ओळखलंस का? मी तुझ्या बापाची आई. विसरलीस तर नवल नाही. तुझे आजोबा स्वतःच्या लग्नादिवशी मासे धरायला गेले होते, त्यांचंच रक्त.

कालच्या भरतीत चूल विझली. मी पलंगावर बसून सांगते, शेजारीण वार्सिना पाय वर घेऊन लिहिते. गावप्रमुखाने तुमच्या संस्थेचा, समुद्राचं पाणी कुठवर चढणार त्याचा नकाशा आणला. त्यात पुढची कित्येक वर्षं तिंबुलसारी कोरडी! गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने तो वाचला, म्हणाला की शास्त्र सांगतंय, घाबरू नका. म्हणून बांध पलीकडच्या गावाला, आम्हाला काही नाही. नकाशावर तुझं नाव आहे म्हणे. तुझ्या यंत्रांना सांग, आम्हालाही बांध घाला. आजोबांच्या कबरीचा नुसता दगड वर उरलाय. तोही बुडाला तर मी भांडू कुणाशी?

माया आटू देऊ नकोस, बाकी सगळं इथे भरपूर आहे.

आजी

बांडुंग, ११ मार्च

ती. आजीच्या पायांवर डोकं ठेवून वेनिंगचा नमस्कार.

आजी, चूक माझीच. आम्ही किनाऱ्याचा नकाशा चौकटींत कापतो आणि एकेक चौकट एकेका संगणकाला देतो. सगळे एकदम राबतात. पण गणिताच्या प्रत्येक पावलाला आपल्या कडेचं पाणी शेजारच्या चौकटीला कळवायचं, त्याचं आपण घ्यायचं, मगच पुढे जायचं. आपल्या आतेर-आतेरसारखं: सणाचं ताट आधी शेजारी, मग आपण. काम लवकर उरकावं म्हणून शेजाऱ्याची वाट बघणंच मी काढून टाकलं. आपलं गाव नेमकं दोन चौकटींच्या शिवेवर. पाणी तिथे येऊन अडलं, ते फक्त माझ्या गणितात.

दुरुस्त करून पुन्हा चालवलं. आजी, बांध घातला तरी तिंबुलसारी राहत नाही. पुन्हा पुन्हा चालवलं, उत्तर तेच. साहेब म्हणतात की नकाशा छापून झाला, आता गप्प बस. गप्प बसले तर गाव हलवायच्या यादीत तुम्ही नाही. बोलले तर तुला घरातून आणि आजोबांपासून उठवणारी मीच. सोमवारी बैठक आहे. काय करू?

रागावलीस तरी आपली म्हण.

वेनिंग

तिंबुलसारी, १५ मार्च

चि. वेनिंग हिस, खाटेवरून आशीर्वाद.

तुझं पत्र वार्सिनाने वाचलं आणि मध्येच थांबली. तिने पोटाला चिमटा घेऊन नुकतीच घराची जमीन उंचावली, नवी फरशी घातली. हे लिहू नको म्हणते. मी म्हणते, लिही. सोमवारी खरा नकाशा टाक त्यांच्यापुढे. साहेब ओरडला तर ओरडू दे, त्याची चूल पेटते आहे.

मी निघणार नव्हते. अजूनही पाय निघत नाही. पण वार्सिनाची नातवंडं जमिनीवर झोपतात, माझ्यासारखी खाटेवर नाही. आजोबांना जाऊन सांगितलं. काही बोलले नाहीत. जिवंतपणी तरी कुठे बोलायचे? मी दगडावर हात ठेवायला गेले, तर हात पाण्यातच बुडाला.

तू रडत बसू नकोस. शिजवायचं काही पाठवू नकोस, चूल नाही. सोयाबीनचं ते गोड-तिखट सुकं तेंपे पाठव, दोन डबे. बसवाल्याला बजाव: पहिला डबा वार्सिनाकडे, मग माझ्याकडे. या वेळी शेजार चुकवू नकोस.

आजी