अण्णांच्या गॅरेजची नवी जमीन

आई, अण्णांच्या गॅरेजची जमीन नवी करून घेतली. हे तुला सांगावं असं बरेच दिवस मनात होतं, आणि मग वाटायचं, तुला त्यात काय रस असणार? सावेडीचं हे घर बांधल्यापासून तू गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाहीस. साखर कारखान्यात दिवसभर फिटरचं काम करून आलेले अण्णा घरी येऊन पुन्हा त्या जुन्या जीपखाली शिरायचे, आणि तू चहाचा कप घेऊन उंबऱ्यावर उभी. "त्या तेलात पाय बरबटून माझ्या स्वयंपाकघरात कोण येणार?" त्यांचे हात काळेकुट्ट, म्हणून कप तूच धरायचीस आणि ते नुसती मान पुढे करून चहा प्यायचे. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटायचं नाही. आता आठवलं की वाटतं, तुम्ही दोघं भलतेच छुपे रुस्तम होतात.

जीप कधीच विकली, पण तिचं तेल जमिनीत मुरलेलं राहिलं. यंदा पावसाळ्यात शटरखालून पाणी आत आलं आणि त्या तेलकट कोब्यावरून अण्णा घसरले. मनगटावर निभावलं. मी बँकेतून निवृत्त झालेली, पुण्यात एकटीच असते, त्यामुळे लगेच बॅग भरून आले. आल्यावर कळलं की नुसतं मनगटाचं दुखणं नाही. अण्णा विसरतात. गॅस चालू राहतो, औषध दोनदा घेतलं जातं. मी म्हटलं, चला पुण्याला. तर म्हणाले, "मी न्हाई येत. चौथ्या मजल्यावं बसून काय कबुतरं मोजू? माझा वाइस इथं, माझे पाने इथं." वाइस म्हणजे तो टेबलाला ठोकलेला लोखंडी शिकंजा, तुला आठवत असेल. रोज सकाळी ते तिथे जाऊन काहीतरी आवळतात, सोडवतात, पुन्हा आवळतात. मग मी मनाशी ठरवलं, गॅरेज नीट करून बघू. तिथे न पडता फिरता आलं आणि आपली वस्तू आपल्याला सापडली तर अण्णा इथेच राहतील. नाहीतर मी त्यांना घेऊन जाईन, मग ते कितीही रुसोत.

जमिनीत इतकं काही असतं हे मला कुठे माहीत होतं! दुकानदाराने एपॉक्सीचे, म्हणजे जमिनीवर मारायच्या जाड रंगाचे, नमुने समोर मांडले. आरशासारखी चकचकीत जमीन, त्यात म्हणे गाडीचं प्रतिबिंब दिसतं. आमच्याकडे प्रतिबिंब पडायला आहे काय, तर माझी छोटी गाडी आणि अण्णांची बंद पडलेली स्कूटर. मी त्या नमुन्यावर थोडं पाणी ओतलं आणि चप्पल काढून पाय ठेवून बघितला. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मग पार्किंगच्या खडबडीत टाइल्स बघितल्या, पण त्यांच्या सांध्यांत अण्णांची काठी अडकेल असं वाटलं. शेवटी करड्या रंगाचा, न चमकणारा एपॉक्सी ठरला, ओला असतानाच वरून बारीक वाळू मारलेला. काम करणारा ठेकेदार आधी एक प्लॅस्टिकचा कागद जमिनीला चारी बाजूंनी चिकटवून गेला. जमिनीत ओल असेल तर कागदाखाली थेंब धरतात आणि मग रंग पोपडे होऊन निघतो म्हणे. दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा दोघं गुडघ्यांवर बसून कागद उचलायला. कोरडा निघाला. अण्णा एवढे खूश झाले की शेजाऱ्यांना बोलावून कोरडा कागद दाखवला.

कपाटांचं मात्र मला तुझ्यामुळे सुचलं. दुकानात बंद दारांची लोखंडी कपाटं होती, लाल-काळी, ऐटदार, सगळा पसारा आत गडप. मी तीच घेणार होते. पण त्याच आठवड्यात बघितलं, अण्णा स्वयंपाकघरातल्या बंद कपाटांसमोर उभे आहेत आणि म्हणतायत, "साखर संपली वाटतं." साखर दाराच्या मागेच होती. दार बंद झालं की त्यांच्यासाठी आतलं सगळं नाहीसंच होतं. मला तुझे डबे आठवले. एकसारखे स्टीलचे, फळीवर ओळीने लावलेले, आणि कशात काय ते फक्त तुला ठाऊक. एका मे महिन्यात मी मोठ्या हौसेने सगळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तू त्या ओल्या फडक्याने एकेक पुसून काढल्यास. "डब्यांना पाट्या लावायला ही काय शाळा आहे? वाजवून बघ." आणि नखाने टिचकी मारून दाखवलंस, हा साबुदाणा, हे शेंगदाणे. मी आजही टिचक्या मारते, मला सगळे सारखेच ऐकू येतात. तुला खरंच आवाज कळायचा, की जागा पाठ होती आणि आमच्यासमोर उगाच भाव खायचीस? हे विचारायचं राहूनच गेलं बघ.

तर मी दुकानदाराला म्हटलं, मला जाळीची दारं हवीत. आपल्याकडे दुधासाठी जाळीचं कपाट होतं ना, मांजराच्या भीतीने घेतलेलं, तसंच. तो म्हणाला, "मॅडम, गॅरेजला जाळी कोन लावतं? लोकं पसारा झाकायला कपाट घेतात." मी म्हटलं, मला दाखवायला हवंय. पाने, पकडी, करवती, सगळं बाहेरून दिसेल असं. त्याने कुरकुरत का होईना बनवून दिलं.

आणि मग घोळ झाला. रंग मारून झाल्यावर ठेकेदार बजावून गेला, "पूर्न वाळंपर्यंत आत कुनी जायचं न्हाई." मी शटरपाशी दोरी बांधली, आडवी खुर्ची लावली. सकाळी दूध घेऊन परत येते तर खुर्ची बाजूला आणि अण्णा आत. अनवाणी. हातात हळद-कुंकवाची कोयरी. उंबऱ्यावर नारळ फोडलेला, जमिनीच्या मधोमध हळदीची पाच बोटं आणि त्यावर जास्वंदीचं फूल चिकटून बसलेलं. मी ओरडलेच. ते शांतपणे म्हणाले, "वरडती कशाला? नव्या जिमिनीची पूजा नगं करायला? तुजी आई म्हनली, आदी पूजा करा, मंग पाय ठिवा."

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आई. मी हात धरून अण्णांना बाहेर आणलं. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि खोबरेल नि साबण लावून त्यांचे तळवे चोळत बसले. चोळता चोळता विचारलं, "आई कुठं होती?" म्हणाले, "कुठं म्हंजे? हितंच, आत. आता तेल न्हाई ना जिमिनीला, मंग आली." दुपारी ते झोपल्यावर मी चष्मा लावून त्या जमिनीकडे वाकून वाकून बघितलं. अण्णांचे ठसे स्पष्ट होते, जाताना आणि येताना. शेजारी दुसरे आहेत का ते बघत होते मी. हसू नकोस. नव्हते.

ठेकेदार येऊन कपाळाला हात लावून उभा राहिला. "हळद आत गेली, आता निघायची न्हाई. घासून परत मारू का?" मी नको म्हटलं. आता सगळं वाळलंय. अण्णा रोज जातात, घसरत नाहीत. जाळीतून बघून हवा तो पाना काढतात, कधी चुकीचा काढतात आणि मग त्याच पान्याला शोभेल असं काम शोधतात. परवा मी पुन्हा विचारलं, "आई आणखी काय म्हणते?" तर वैतागले. "सारकं मलाच काय इचारती? तू बोल की तिच्याशी." म्हणून हे लिहायला बसले.

हे कुठे पाठवायचं नाही, ते मला कळतं. पण बसले होते एकच गोष्ट विचारायला, की अण्णांना इथे राहू देऊ की घेऊन जाऊ. रंग लिहिला, वाळू लिहिली, कपाट लिहिलं, आणि तेवढंच टाळलं. कारण तू स्पष्ट बोलणारी, "घेऊन जा" म्हणालीस तर? अण्णा रुसतील, मग विसरतीलही. पण खरं सांगू का आई, पुण्याला परत जायचं नाहीये ते मला.