न उलटवलेलं पाकीट

खामगाव,
रविवार, २३ एप्रिल १९६७

प्रिय रुख्मे,

कागदांच्या कोपऱ्यात आकडे टाकले आहेत, त्या क्रमाने वाच. एक ते सात. तिसऱ्यावर खळीचा डाग आहे, तिथे शाई पसरली. दुसरा घेता आला असता, पण टाकून देण्याइतका तो खराब नाही. अक्षर बारीक झालं आहे. तुला माझं बारीक अक्षर वाचायची सवय आहे.

गेल्या मे महिन्यापासून तू मला पत्र लिहिलेलं नाहीस. तुझ्या आईच्या नावाने दोन कार्डं आली. दोन्हींवर 'सर्व खुशाल' आणि खाली अर्धं कार्ड कोरं. लग्नाआधी तू शाळेच्या वहीचा समाससुद्धा सोडायची नाहीस, भूगोल संपला की त्याच कडेला गणितं करायचीस. ते कोरं अर्धं कार्ड मला टोचलं. मी तुझ्या आईजवळ बोललो मात्र इतकंच, की पोरगी सासरी जाऊन उधळी झाली.

आधी इकडचं सांगतो. आईची तब्येत बरी आहे. भुशाच्या शेगडीला आता तिसरं वर्ष लागलं. मधे बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचं काम अजून माझ्याकडेच आहे, कारण तिने ठासला की तो अर्ध्यात ढासळतो. जिनिंगमधला टाकाऊ कापूस भरून मी जी लाकडी पेटी केली होती, तीही चालू आहे. डाळीला एक उकळी आली की भांडं पेटीत ठेवायचं, झाकण लावायचं, विस्तव मोकळा. आई शेजारणींना सांगते, "शिजते बापा डाळ, नाही असं नाही. पण सकाळी ठेवली तं मानूस दुपारी जेवते." तिची थट्टा मी मनावर घेत नाही. दोन खोल्यांच्या मधल्या झरोक्यातला बल्बही तोच आहे, एकाच बल्बात दोन्ही खोल्यांत उजेड.

ऑफिसात मला 'उलटं पाकीट' म्हणतात, हे तुला माहीत आहे. आता नवीन पोरंही तोंडावर म्हणतात. लढाईच्या वर्षी वरून काटकसरीचं परिपत्रक आलं, तेव्हा आमच्या जिनिंग सोसायटीत सगळ्यांनी ते वाचून सह्या केल्या आणि पंख्याखाली जाऊन बसले. मी एकट्याने ते मनावर घेतलं. आलेलं पाकीट जोडावर सुरीने उकलायचं, आतली बाजू बाहेर करायची, खळ लावायची, की नवं पाकीट तयार. दुपारी सूर्य खिडकीत असतो तोवर दिवे लावू देत नाही. जुन्या फायलींच्या टाचण्या काढून वापरतो. शिपाई कडूबा खळ शिजवतो आणि बडबडतो, "बाबूजी, हे पाकीट मानसापेक्षा जास्त गावं फिरून राह्यलं." पण त्यालाही आता हातोटी आली आहे. मी दोन वर्षांनी निवृत्त झालो की हे सगळं बंद पडेल. त्याची मला कल्पना आहे.

आता दिवाळीचं लिहितो. तू चार दिवस आलीस. माझ्याशी विचारल्यापुरतं बोललीस. भाऊबिजेच्या दुपारी तू पुढच्या खोलीत बल्ब लावून त्याखाली नुसती बसली होतीस. हातात ना पुस्तक, ना शिवण. बाहेर लख्ख ऊन होतं. मी उठलो आणि बटण बंद केलं. सवयीने केलं, मनात काहीही नव्हतं. तू म्हणालीस, "बाबा, तुमाले फक्त बल्ब दिसते." आणि आत निघून गेलीस. मला तेव्हा राग आला. मी काय चुकलो, ते कळेना. तुझ्या आईला विचारलं, तर तिलाही कळेना. तू सांगणार नव्हतीस आणि मी दुसऱ्यांदा विचारणार नव्हतो. एकदा बोललेलं पुन्हा बोलायचं नाही, शब्दही वाया घालवायचे नाहीत, हे तू माझ्याकडूनच शिकलीस.

त्यानंतर मी उंद्रीला यायला हवं होतं. एस.टी.ने दीड-दोन तास, त्यापेक्षा लांब नाही. पण मुलीच्या सासरी बापाने उठसूट जाऊ नये, असं मी चारचौघांत म्हणत आलो. हे म्हणणं सोयीचं असतं.

एक गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नाही. घरी येणारी सगळी पाकिटं मी ऑफिसला नेतो. मामांची, तुझ्या काकांची, लग्नपत्रिकांचीसुद्धा. तुझी कधी नेली नाहीत. लग्नानंतर तुझी अकरा पाकिटं आली. ती मी वरून अलगद फोडली, पत्र वाचून परत आत घातलं आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिली. तुझ्या अक्षरातला पत्ता आत दडपून त्यावर कुण्या कापसाच्या दलालाचं नाव लिहायचं, हे माझ्याने होईना. साऱ्या आयुष्यात मी एवढीच उधळपट्टी केली.

आज सकाळी कडूबाने निरोप पाठवला की उलटवलेली पाकिटं संपली. मी डबा काढला. खरं सांगायचं तर तो राग होता. म्हटलं, जिला बापाची गरज नाही, तिची पाकिटं तरी कशाला जपायची. सुरी घेतली आणि सगळ्यात वरचं, म्हणजे तुझं शेवटचं, मेमधलं पाकीट जोडावर उकललं.

आत पेन्सिलीने लिहिलं होतं. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे. 'बाबा, बुलढाण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात माझं नाव निघालं आहे. यांची हरकत नाही, पण वडिलांपुढे हे बोलत नाहीत. मामंजी म्हणतात, मुलीने मास्तरीण व्हावं असं बापाला वाटत असेल, तर बाप आपणहून येऊन बोलेल. मी कळवल्याचं कळू देऊ नका. पत्रं घरात वाचूनच पोस्टात टाकायला देतात, म्हणून इथे लिहिते. वीस जूनच्या आत या. तुम्ही पाकीट उलटवालच.'

रुख्मे, मी उलटवलं नाही. वीस जून आला आणि गेला. त्या दिवशी मी काय करत होतो ते आठवून पाहिलं. बहुतेक खळ लावत होतो. तू सगळा भरवसा माझ्या एका सवयीवर ठेवलास आणि ती सवय मी तुझ्यापुरतीच मोडली होती. मग दिवाळीत तू समजून होतीस की बापाने वाचलं आणि गप्प राहिला. तरीही तू चार दिवस आमच्याकडे राहिलीस. मला माझी लाज वाटते. हे तोंडाने मला बोलता येणार नाही, म्हणून लिहितो आहे.

तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातून घेऊन स्वतः पाहिलं. मग म्हणाली, "साऱ्या जगाची पाकिटं फाडली तुमी, अन् पोरीचंच काऊन नाही फाडलं?" मी कारण सांगितलं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि चुलीकडे वळली. आज डाळ पेटीत न ठेवता तिने चुलीवरच शिजवली, भरपूर लाकडं घालून. लाकडं मीच आणून दिली.

दुपारी हायस्कूलच्या हेडमास्तरांकडे जाऊन आलो. ट्रेनिंग कॉलेजचे यंदाचे अर्ज अजून घेतले जायचे आहेत. तेव्हा हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीने मीच ते घेऊन येतो आहे. ज्या सात लांब पाकिटांच्या आतल्या बाजूला हे लिहिलं, ती सुतळीने बांधलेली आहेत, वर जुने पत्ते आहेत आणि ही जुडी चूल पेटवायला आणली म्हणून मी सगळ्यांदेखत तुझ्या हातात देईन. हिंमतराव व्याही हसतील. माझ्या चिक्कूपणाबद्दल तिथे कुणाला शंका नाही, म्हणून ती कुणी सोडून पाहणार नाही. तू पाहशील. वाचून झाल्यावर खुशाल चुलीत घाल. मी पुढे बाजेवर बसलेला असेन. वर्ष गेलं आहे, तुझं मन बदललं असेल, तर चहा घेऊन चारच्या गाडीने परत जाईन, माझा काही राग राहणार नाही. पण अजून जायचं असेल, तर तुमच्या मधल्या घरातला बल्ब लाव. वीज गेलेली असली तर चिमणी लाव. तो उजेड दिसला की मी आपणहून बोलायला लागेन आणि व्याह्यांनी हो म्हटल्याशिवाय त्या बाजेवरून हलणार नाही, मग मुक्काम करावा लागला तरी चालेल. बाहेर लख्ख ऊन असेल. कुणी ओरडलं तर ओरडू दे. मी उठून तो बंद करणार नाही.

तुझाच,
बाबा